पोराला समजावलं, घराचं काय?

पोस्ट मोठी आहे. निवांत असाल तेव्हा वाचा, पण कमेंट टाकायच्या आधी शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती. मागच्या आठवड्यात मोटारसायकल चोरीची बातमी टाकली, तिच्याखाली दोनशेच्या वर कमेंट आल्या. 'अल्पवयीन' हा शब्द दिसला आणि सुरू. "चौकात आणून फटके द्या." "धिंड काढा." "वय बघू नका, गुन्हा बघा." एकाने "आईबापाला पण आत टाका" असं लिहून खाली हात जोडल्याची खूण टाकली होती. हात कशाला जोडले ते कळलं नाही.

वीस वर्षं या भागात बातमीदारी करतोय. पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर मान खाली घालून बसलेली पोरं भरपूर पाहिली. त्यातलं एखादं पोरगं वर्षभराने त्याच बाकड्यावर पुन्हा दिसतं. आधी मोबाइल उचलला म्हणून, मग गाडी उचलली म्हणून, मग कुणाचं तरी डोकं फोडलं म्हणून. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला बातमीचे सहा 'क' शिकवले होते. कोण, काय, कुठे, केव्हा, कसं आणि का. पेपरातल्या दीडशे शब्दांत पहिले पाच कसेबसे बसतात. सहावा बसत नाही, म्हणून तो इथे लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पोरगं चुकलं की आपण त्याला एकट्याला दुरुस्तीला पाठवतो आणि पुन्हा त्याच घरात आणून सोडतो. घराला कुणी हात लावत नाही. घरासोबत बसून, चार-पाच महिने नेटाने काम करून पोरगं मार्गावर आणायची पद्धत जगात पन्नास वर्षांपासून आहे. तिची परीक्षा झालेली आहे. आपल्या कायद्यातही तिला जागा आहे. तरी आपल्या जिल्ह्यात ती नाही, आणि याचा राग एकाही कमेंटमध्ये नाही.

आधी एक गैरसमज. असल्या भानगडी करणारी पोरं म्हणजे अनाथ, रस्त्यावरची, स्टेशनवर झोपणारी, असं आपल्याला वाटतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा अहवाल दरवर्षी येतो. त्यात पकडलेली मुलं कुणासोबत राहत होती याचा एक तक्ता असतो. बेघर मुलं त्यात थोडी असतात. पाचातली चारांहून जास्त मुलं आईवडिलांसोबत राहणारी असतात. म्हणजे पोलिसांनी धरलं त्या दिवशीही त्या पोराला घर होतं, घरात माणसं होती, चूल पेटलेली होती. मग सुधारणेची सगळी योजना घर वगळून कशी काय चालते?

आता कायदा. २०१५ चा बाल न्याय अधिनियम. "हा कायदा पोरांना मोकाट सोडतो" असं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी तो उघडून पाहिलाय, देव जाणे. त्याचं कलम १८ काढा. मुलाने गुन्हा केला असं ठरलं तर बाल न्याय मंडळाने काय करायचं याचे पर्याय तिथे दिलेत. विशेष गृहात पाठवणं हा त्यातला शेवटचा पर्याय, तोही जास्तीत जास्त तीन वर्षं. पहिला पर्याय असा की समज देऊन घरी पाठवा, पण त्यासोबत मुलाचं आणि त्याच्या आईवडिलांचं किंवा पालकांचं समुपदेशन करा. 'आणि आईवडिलांचं' हे शब्द माझे नाहीत, कायद्याचेच आहेत. कलम ३ मध्ये तर मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, अशी तत्त्वंच घालून दिलीत.

पोरगं मंडळासमोर आलं की पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने किंवा समाजसेवकाने सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. घरी जायचं, शेजाऱ्यांना विचारायचं, शाळेत चौकशी करायची आणि लिहायचं. या अहवालाचा नमुना क्रमांक ६ एकदा बघाच. त्यात घरातल्या माणसांच्या नात्यांचा एक तक्ता आहे. वडील आणि आई, वडील आणि मूल, आई आणि मूल, भावंडं. समोर तीन पर्याय. सलोख्याचे, सलोख्याचे नाहीत, माहीत नाही. एक खूण करायची आणि पुढच्या रकान्यावर जायचं. पंधरा वर्षं बाप-लेकात जे साचलंय त्यावर एक खूण! बरं, खूण केली. 'सलोख्याचे नाहीत' वर केली. पुढे काय? ती खूण वाचून त्या घरी कोण जातं?

एका घराचं सांगतो. अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिने कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओळख पटेल असे तपशील म्हणून मी बदललेत. गाव विचारू नका, ओळखलं तरी कमेंटमध्ये लिहू नका.

आईबाप ऊसतोडीला जाणारे. पुण्यातल्या बातम्या वाचून 'कोयता' म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर गँग येत असेल, आमच्या मराठवाड्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला देतो. तर हे दोघं दिवाळीच्या आगेमागे जायचे ते पाडव्याच्या आसपास परत यायचे. दोन पोरं आजीजवळ. थोरला पंधराव्या वर्षी पहिल्यांदा सापडला, जानेवारीत. बाप कारखान्यावरून काम टाकून आला. आल्या आल्या पोराला झोडपला. मंडळाने समज दिली, बापाने हमीपत्रावर सही केली, आणि चौथ्या दिवशी बाप परत फडात. उचल अंगावर असताना दुसरं काय करणार? पोराला दर महिन्याला हजेरी लावून समुपदेशकाला भेटायला सांगितलं होतं. तो दोनदा गेला. जिल्ह्याच्या ठिकाणी जायला दोन एसटी बदलाव्या लागतात.

सहा महिन्यांत पोरगं दुसऱ्यांदा सापडलं, नंतर तिसऱ्यांदा. आता निरीक्षणगृहात आहे. मी आईला भेटलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भाऊ, सायबांनी लेकराला समजून सांगितलं. आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई की घरी नेऊन आता करायचं काय. मारावं तर म्हणतेत मारू नका, न मारावं तर म्हणतेत तुम्हीच लाडावून ठेवला."

आजी दारातच बसलेली. मी विचारलं, आजी, रात्री कितीला यायचा तो? "आता मी राखू का त्याला? मला रातचं दिसत न्हाई बाबा."

कमेंटवाल्यांनो, या म्हातारीला आत टाकायचं का?

आता ती पद्धत सांगतो. अमेरिकेत युटा विद्यापीठात जेम्स अलेक्झांडर आणि ब्रूस पार्सन्स हे दोन मानसशास्त्रज्ञ होते. १९७० च्या सुमारास त्यांनी कोर्टाकडून आलेल्या पोरांच्या घरच्यांना सोबत बसवून काम करायला सुरुवात केली. पुढे तिला 'फंक्शनल फॅमिली थेरपी' नाव पडलं. साधारण आठ ते बारा बैठका, फार अवघड घर असेल तर तीसपर्यंत, तीन ते पाच महिन्यांत काम संपवायचं. वर्षानुवर्षं कोचावर झोपवून बालपण उकरायचं असला प्रकार नाही.

बैठकीत होतं काय? आपल्याकडच्या भावकीच्या बैठकीशी ताडून बघा. भावकी बसते तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत दोष वाटून होतो. पोरगं वाया गेलं, आईने पदराखाली घातलं, बाप दारू पितो, मामाच्या वळणावर गेलं. मग एखादा वडीलधारा चार उपदेश करतो, चहा होतो, पोरगं मान हलवतं, उठतात. फॅमिली थेरपीत पहिल्या काही बैठकांचं काम नेमकं उलटं असतं, दोष देणं थांबवायचं. बाप म्हणाला, "हा मला मेला," तर समुपदेशक त्याला दटावत नाही, होकारही देत नाही. तो म्हणतो, एवढा राग येतोय म्हणजे तुम्ही अजून पोराची आस सोडलेली नाही. पोरगं समोर बसलेलं असतं. बापाच्या शिव्यांमागे भीती आहे हे त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकलेलं असतं. घरात काहीतरी बदलू शकतं एवढी आशा जागी झाल्याशिवाय पुढची पायरीच घ्यायची नाही, असा नियम.

पुढची पायरी अगदी साध्या गोष्टींची. रात्री किती वाजता घरी यायचं? उशीर झाला तर कुणाला कळवायचं? आईने विचारायचं ते कसं? नियम मोडला तर काय होणार, आणि ते आई-बाप दोघंही पाळणार का? हे ठरवायचं, आठवडाभर करून बघायचं, फसलं तर पुढच्या बैठकीत का फसलं ते बघायचं. शेवटी शाळा, नातेवाईक, शेजार, काम शोधणं, म्हणजे समुपदेशक गेल्यावरही घर उभं राहील असे टेकू. 'संस्कार' या विषयावर व्याख्यान यात कुठेच नाही. आपल्याकडे मात्र एवढंच असतं, वर एक पेन आणि बिस्किटचा पुडा.

दुसरी एक पद्धत स्कॉट हेंगलर यांनी साउथ कॅरोलिनात वाढवली, 'मल्टिसिस्टेमिक थेरपी'. ती जास्त गंभीर, वारंवार सापडणाऱ्या पोरांसाठी. त्यात एका माणसाकडे एका वेळी फक्त चार ते सहा कुटुंबं असतात. तो घरी जातो, घरच्यांना सोयीच्या वेळी जातो, संध्याकाळी, रविवारी. त्याच्या पथकातलं कुणीतरी रात्रंदिवस फोनवर सापडतं. पोरगं रात्री अकराला भांडून निघून गेलं तर आईने फोन कुणाला करायचा? त्या पद्धतीत या प्रश्नाला उत्तर आहे. आपल्याकडे पोलीस, नाहीतर देव.

"हे सगळं ठीक, उपयोग होतो का?" रास्त प्रश्न. १९७३ साली अलेक्झांडर-पार्सन्स यांनी ८६ कुटुंबांवरचा अभ्यास छापला. ज्यांच्यासाठी काहीच केलं नाही त्यांच्यातली निम्मी पोरं पुन्हा कोर्टात आली. घरासोबत काम केलं त्यांच्यातली २६ टक्के. पण याच अभ्यासातला तिसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एका गटाला दुसऱ्याच वळणाचं, मनाच्या खोलात शिरून गप्पा मारणारं समुपदेशन दिलं होतं. त्यातली ७३ टक्के पोरं परत आली. काहीच न केलेल्यांपेक्षा जास्त! 'समुपदेशन केलं' असा शिक्का मारून समाधान मानणाऱ्या आपल्या सगळ्या कार्यालयांच्या भिंतीवर हा आकडा लावायला हवा.

मिझुरी राज्यात १७६ पोरांवर अभ्यास झाला, १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. मल्टिसिस्टेमिक पद्धतीतली सुमारे २६ टक्के पोरं चार वर्षांत पुन्हा पकडली गेली, पोराला एकट्याला समुपदेशन दिलं त्यातली ७१ टक्के. पुढे सुमारे चौदा वर्षांनी त्याच पोरांचा माग काढला, तोवर ती बाप्ये झाली होती. तेव्हा प्रमाण होतं ५० आणि ८१. म्हणजे जादू नाही. निम्मे पुन्हा सापडलेच. पण शंभरातले तीस जास्त वाचले, आणि त्या तीस जणांनी ज्यांना लुटलं असतं, ज्यांची डोकी फोडली असती, तेही वाचले. पीडितांची बाजू घेऊन माझ्यावर तुटून पडणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

विरोधातला पुरावाही सांगतो, नाहीतर कुणीतरी शोधून तोंडावर मारेल. इंग्लंडमध्ये ६८४ कुटुंबांवर मोठी चाचणी झाली, २०१८ साली निकाल आला. तिथे मल्टिसिस्टेमिक थेरपी नेहमीच्या सेवेपेक्षा सरस ठरली नाही. खरं आहे. पण त्या देशातली 'नेहमीची सेवा' म्हणजे काय ते बघा. घरी जाणारे समाजसेवक, पोरांच्या गुन्ह्यांसाठी खास पथक, शाळेची मदत, मानसोपचार. त्याच्या तुलनेत फरक पडला नाही. आपली नेहमीची सेवा म्हणजे दोन एसटी बदलून जायचं आणि रजिस्टरवर सही करायची. ही तुलना आपल्याला कोणत्या तोंडाने लागू करायची?

वॉशिंग्टन राज्याचा धडा याहून कामाचा. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने २००४ मध्ये तपासलं, तर फंक्शनल फॅमिली थेरपी जिथे पद्धतशीर, नीट शिकलेल्या माणसांनी दिली तिथे गंभीर गुन्ह्यांची पुनरावृत्ती ३८ टक्क्यांनी घटली. जिथे कशीतरी उरकली तिथे काही फायदा नाही, उलट आकडा थोडा वरच गेला. आपल्याकडे एखादी योजना आली की तिचा फलक आधी लागतो, प्रशिक्षण राहून जातं. म्हणून हे आत्ताच लिहून ठेवतोय. उद्या कुणी 'कुटुंब समुपदेशन अभियान' काढून दोन दिवसांच्या शिबिरावर भागवलं, तर ते नसलेलं बरं.

'बाहेरच्या देशाचं फॅड' म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या घरच्यांनाच आवारात तंबू टाकून सोबत राहायला लावलं. घरचे शिकले की रुग्ण घरी जाऊन टिकतो, हे त्यांना दिसत होतं. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये कुटुंबांवरच्या उपचारांचं स्वतंत्र केंद्र कित्येक वर्षं चालतंय. घराला सोबत घेणं आपल्याला परकं नाही, आजारपणात आपण ते करतोच. गुन्ह्याच्या वेळी मात्र घर एकदम आरोपी होतं.

आता पुण्याचं प्रकरण घ्या, कारण तुमच्यापैकी कुणीतरी ते आणणारच. १९ मे २०२४, कल्याणीनगर. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी, दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. काही तासांत जामीन, अटीत अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. सगळ्या महाराष्ट्राने त्या निबंधाची टिंगल केली, रास्तच केली. पण त्याच आदेशात समुपदेशनाचीही अट होती, तिच्याबद्दल एक मीम आला नाही. पुढच्या दिवसांत वडील, आई, आजोबा तिघांनाही अटक झाली. रक्ताचे नमुने बदलल्याचा, ड्रायव्हरला दाबात घेतल्याचा आरोप. जूनमध्ये उच्च न्यायालयाने मुलाला सोडताना आत्याच्या ताब्यात दिलं. म्हणजे घरातल्या तीन माणसांवर आरोप, आणि समुपदेशन कुणाचं? पोराचं. गुन्हा लपवला असेल तर आईबापांना शिक्षा व्हावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर मालकाला किंवा पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, हे मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून आहेच. पण तुरुंगातून सुटून आलेला बाप पोराला 'नाही' म्हणायला शिकून येत नाही. ऊसतोड्याच्या झोपडीत आणि कल्याणीनगरच्या बंगल्यात दुखणं वेगळं असेल, समोरासमोर बसवायला माणूस दोन्हीकडे लागतो.

एक सावधगिरी. प्रत्येक पोराच्या घरात बिघाड असतोच असं समजू नका. पारधी वस्तीवरची पोरं कुठेही चोरी झाली की उचलली जातात, हे आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या घरी समुपदेशक पाठवायच्या आधी वकील पाठवा. आणि पहिल्यांदाच, किरकोळ कारणाने सापडलेल्या पोराच्या मागे बारा बैठकांचं लचांड लावायचीही गरज नाही. समज द्या, सोडा. दुसऱ्यांदा आला की मात्र घरी जा.

पैसे कुठून आणणार? हिशेब करू. २०२२ च्या अहवालात महाराष्ट्रात अल्पवयीनांवरचे गुन्हे चार हजार चारशेच्या आसपास होते, देशात सगळ्यात जास्त. ३६ जिल्ह्यांवर विभागले तर जिल्ह्याला सव्वाशेच्या आत. मोठी शहरं वजा केली तर आपल्यासारख्याच्या वाट्याला त्याहून कमी. त्यातली दुसऱ्या-तिसऱ्यांदा सापडलेली किंवा गंभीर गुन्ह्यातली पोरं धरली तर काही डझन घरं. एका समुपदेशकाने एका वेळी दहा कुटुंबं घेतली आणि चार महिन्यांत एक फेरी पूर्ण केली, तर वर्षाला तीस घरं होतात. दोन माणसांत साठ. दोन पगार, दोन दुचाकींचं पेट्रोल, एक अनुभवी देखरेख करणारा आणि खरंखुरं प्रशिक्षण. जिल्हा वार्षिक योजनेत महिला व बाल विकासासाठी तीन टक्के निधी राखून ठेवलेला असतो. एका चौकाच्या सुशोभीकरणात आपण किती घालवले ते नगरपालिकेच्या पाटीवर लिहिलंय, जाऊन वाचा.

आज मिशन वात्सल्यमध्ये जिल्हा बाल संरक्षण कक्षाला समुपदेशकाचं पद एक आहे. एक. कंत्राटी. बालविवाह, अनाथ मुलं, दत्तक, पोक्सोची प्रकरणं, सगळं त्याच्याच गळ्यात. त्याने घरोघरी जावं ही अपेक्षा ठेवणं म्हणजे त्याची थट्टा आहे, म्हणून माझा राग त्या माणसावर नाही. आणि माणसं मिळत नाहीत असं तर सांगूच नका. आपल्या जिल्ह्यातली एमएसडब्ल्यू झालेली पोरं-पोरी मायक्रोफायनान्सच्या वसुलीला दारोदार हिंडतायत. कोणत्या गल्लीत कोण किती वाजता घरी असतं, हे त्यांना पोलिसांपेक्षा चांगलं माहीत आहे.

आईबापच गावात नसतील तर बैठक कुणासोबत, असं एका निवृत्त परिविक्षा अधिकाऱ्यांना मी विचारलं. ते म्हणाले, "अहो, कॅलेंडर बघा ना. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत माणसं घरीच असतात." बघा, सहा महिने. थेरपी लागते तीन ते पाच महिन्यांची. अडचण कुठे आहे? पाडव्यानंतर पोराचा आदेश काढून घेतला, लगेच बैठका सुरू केल्या, तर माणसं कारखान्याला निघायच्या आत काम पुरं होतं. हंगामात आजी आणि चुलत्यासोबत महिन्यातून दोन भेटी, आईबापांशी फोनवर. अगदीच गरज पडली तर कारखान्याच्या कोपीवर जा. तीही घरंच आहेत.

त्या ऊसतोड्याच्या घरात धाकटा अकरा वर्षांचा आहे. मी गेलो तेव्हा तो थोरल्याचं जर्किन घालून दारात उभा होता, बाह्या हाताखाली लोंबत होत्या. थोरल्याचे मित्र आता गाडीवरून याला चक्कर मारायला नेतात, असं आजीने सांगितलं. युटाच्या त्याच पोरांच्या भावंडांवर १९७७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. अडीच-तीन वर्षांत किती भावंडं कोर्टापर्यंत पोचली ते त्यांनी मोजलं. काहीच न केलेल्या घरांतली ४० टक्के. घरासोबत काम केलेल्या घरांतली २०. धाकट्यांवर कुणी वेगळे उपचार केलेले नव्हते. ती फक्त त्या खोलीत बसलेली होती.

सध्या आईबाप दोघंही गावात आहेत. मुकादमाची माणसं पुढच्या हंगामाची उचल घेऊन फिरायला लागलीत.

मी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, दहा रुपयांचा शिक्का लावून. चार प्रश्न विचारलेत. गेल्या तीन वर्षांत आपल्या जिल्ह्यात किती प्रकरणांत आईवडिलांच्या समुपदेशनाचा आदेश झाला? त्यातल्या किती जणांचं खरंच झालं, किती बैठका? समुपदेशकाचं पद किती महिने रिकामं होतं? आणि गृहभेटींसाठी प्रवास भत्त्याची किती बिलं निघाली? चौथा प्रश्न मुद्दाम घातला. अहवालात गृहभेट लिहिता येते, बिलात किलोमीटर लिहावे लागतात.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. तोपर्यंत जिल्हा नियोजन समितीत आपल्या तालुक्यातून जे सदस्य बसतात त्यांना फोन करा, नंबर तुमच्याकडे आहेत, लग्नपत्रिका द्यायला लावताच. विचारायचं एवढंच, की दोन समुपदेशक कधी?